पूर्णेच्या पात्रात, ताडपत्रीखाली

अमरावतीहून निघताना आमची सखूआक्का टांग्यात बसायलाच तयार नव्हती, कारण टांग्यातली अर्धी जागा माझ्या ताडपत्रीनं खाल्ली होती.

"गणपत, पोरीले आणाले चालला का तंबू ठोकाले?" ती म्हणाली. सखूआक्का माझी थोरली बहीण. विधवा झाल्यापासून माझ्याच घरी असते आणि झोपेतही तोंड मिटत नाही.

"पाणी आलं तं मंग सांगजो," मी म्हणालो.

ती ताडपत्री मी लष्करी मालाच्या लिलावात घेतली होती. जाड कॅनव्हास, वर मेणाचा थर. विकणारा म्हणाला होता, "शेटजी, थेंब तर सोडाच, वारासुद्धा आत येणार नाही." एवढी चांगली वस्तू मी निम्म्या भावात पदरात पाडून घेतली, म्हणून महिनाभर मी ती येणाऱ्याजाणाऱ्याला उलगडून दाखवत होतो.

माझा धंदा फळांचा. बडनेरा स्टेशनावर डोक्यावर पेरूची टोपली घेऊन मी सुरुवात केली. आज बाजारात माझी गादी आहे आणि केळी पिकवायच्या चार कोठ्या आहेत. हे सांगतो ते फुशारकीनं नव्हे. पुढं जे घडलं त्यात माझ्या धंद्याचा संबंध आहे, म्हणून सांगतो.

आम्ही निघालो होतो माझ्या मुलीला, यमुनेला, माहेरी आणायला. पहिलं बाळंतपण, सातवा महिना. तिचं सासर अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठी. गावाचं नाव लिहीत नाही. लाज माझी आहे, तिच्यात त्या गावाला कशाला ओढू?

बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापूरला गरम भजी घेतली आणि भजीवाल्याशी भांडलो, कारण त्यानं तळातली थंड भजी वर गरम घालून दिली होती. अकोल्याला उतरलो तर सगळं शहर कापसानं पांढरं झालेलं. गाड्यांच्या रांगा, बैलांच्या पाठीवर कापूस, गटारात कापूस. तिथून सर्व्हिस मोटारीनं पूर्णेच्या घाटापर्यंत, आणि घाटापासून व्याह्यांनी पाठवलेल्या दमणीतून (टप असलेल्या हलक्या बैलगाडीतून) गावी. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तुरीला पिवळी फुलं. सखूआक्का वाटेतल्या प्रत्येक शेताचं कौतुक करत होती. मी छत्रीच्या मुठीशी चाळा करत होतो. व्याह्यांचं गाव जवळ आलं की माझं डोकं तापतं.

त्याचं कारण लग्नातलं आहे. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांचा धाकटा भाऊ वामनराव सगळ्यांसमोर म्हणाला होता, "केळीवाल्याची पोरगी आहे, दादा. घडासारखी तोलूनमापून घ्या!" आणि माझे व्याही देवरावजी हसले होते. वऱ्हाडात जेवणावळीतला शब्द माणूस मरेपर्यंत विसरत नाही. मीही विसरलो नव्हतो.

व्याह्यांकडं पाहुणचार मात्र खरा झाला. गोवरीच्या विस्तवात भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे), वर तूप, वांग्याचं भरीत, पातोडीची भाजी. यमुना अंगानं भरली होती. मला पाहून तिनं पदर सावरला आणि हसली. देवरावजी म्हणाले, "चार दिवस राहा, ईवाई. आभाळ बरं दिसून नाई राहिलं." ईवाई म्हणजे व्याही.

चार दिवस? मी दोन दिवसही राहणार नव्हतो. पण त्याच दुपारी अवकाळी पाऊस सुरू झाला आणि दोन दिवस थांबला नाही. पूर्णा चढली. काळ्या मातीचा असा गारा झाला की बैलाचा पाय निघेना. दमणी जाणं शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाऊस रिमझिमीवर आला, वर बोचरा वारा सुटला, आणि मी जाहीर केलं की आम्ही नावेनं जाणार.

"आज नका जाऊ," देवरावजी म्हणाले.

"आमी केळीवाले," मी म्हणालो. "आमाले धंदा रायते."

ते खाली मान घालून गप्प बसले. मला फार बरं वाटलं.

गावचा नावाडी सुकाजी भोई. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. घाटावर भाजीपाला नेणारी त्याची लांबट नाव होती. भाडं ठरवताना मी त्याला तीनदा परत पाठवलं. शेवटी तो हसून म्हणाला, "शेटजी, नदीले तं भाडं लागत नाई, मले लागते." तेव्हा कुठं जुळलं.

नावेवर मी स्वतः बांबूच्या कमानी बांधल्या आणि त्यांवर ताडपत्री ओढून दमणीसारखा टप केला. नावेच्या दोन्ही कडांशी ती सुतळीनं आवळली. पुढचं तोंड बंद केलं, कारण वारा समोरून होता. मागच्या तोंडाला पडदा सोडला. मग व्याह्यांच्या अंगणात शेगडी पेटवली. पोटुशी पोर, असा वारा, तिला ऊब हवीच.

इथं मला कोठीबद्दल सांगितलं पाहिजे. कच्चे घड कोठीत रचतात, मडक्यात गोवऱ्या आणि भुसा धुमसत ठेवतात आणि दार शेणमातीनं लिंपून टाकतात. त्या धुरीनं केळी पिकते. दार फोडल्यावर लगेच आत जायचं नाही. बाहेर बसून एक विडी पुरी ओढायची, मग जायचं. हा नियम मला माझ्या पहिल्या मालकानं शिकवला आणि मी माझ्या प्रत्येक माणसाला शिकवला. घाई करणाऱ्या एकाच्या मी थोबाडीतही दिली आहे. तेव्हा बंद जागेतला विस्तव मला ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

पण माझी समजूत अशी होती की मारतो तो धूर. म्हणून मी बाभळीचे कोळसे घेतले आणि अंगणात पंख्यानं वारा घालून घालून ते लालबुंद केले. धुराची एक रेघही उरली नाही. माझ्या हुशारीवर मी खूश झालो. विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

सुकाजीनं मात्र शेगडी पाहताच बांबू आडवा धरला.

"शेटजी, टपाखाली विस्तव नाई. आमच्यात नावेत चूल मांडतो, पण उघड्यावर. झाकून नाई."

"धूर दिसते का तुले याच्यात?"

"धुराचं नाई सांगून राहिलो. बापानं सांगतलं हाय, झाकून नाई."

"तुह्या बापाची नाव असंन, ताडपत्री माही हाय," मी म्हणालो आणि शेगडी आत ठेवली.

निघालो. नदी तांबडी, फुगलेली, पण शांत. प्रवाहाबरोबर जायचं असल्यामुळं सुकाजीला मागं उभं राहून फक्त दिशा द्यायची होती. आत छान ऊब होती. यमुना उशीला टेकून बसली. सखूआक्का तिला डोहाळ्यांपासून बारशापर्यंत सगळं सांगत होती. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि आत खरोखरच वाराही येत नव्हता.

कोसभर गेल्यावर आक्का म्हणाली, "गणपत, माहं डोकं ठणकून राहिलं." तिनं कपाळाला फडकं बांधलं. माझंही कपाळ दुखत होतं. मला वाटलं, व्याह्यांवरचा राग आहे, शिवाय सकाळी जेवलो नाही. यमुना म्हणाली, "बाबा, मले मळमळून राहिलं." आक्का म्हणाली, "पोटुशीले मळमळ नाई होईन तं काय तुह्या बापाले होईन?" आम्ही तिघंही हसलो. तिघांना एकदम त्रास का व्हावा, हे तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. प्रत्येकाकडं आपापलं कारण तयार होतं.

तेवढ्यात नाव काठाकडं वळल्यासारखी वाटली. मी पडदा सारून बाहेर आलो. सुकाजी म्हणाला, "वारा वाढला. त्या बाभळीखाली घटकाभर बांधतो."

मला वाटलं, हा वेळ काढून भाडं वाढवणार. मी छत्री उघडून मागच्या फळीवर बसलो आणि त्याच्याशी भांडायला लागलो. तो मोजकं बोलत होता, मी भरपूर. हळूहळू माझी डोकेदुखी उतरली. घरात सगळे म्हणतातच की भांडलं की माझं डोकं हलकं होतं. मी तेच सुकाजीलाही सांगितलं. तो नाव न बांधता पुढं निघाला.

थोड्या वेळानं मी पडदा उचलून आत पाहिलं. दोघी झोपल्या होत्या. यमुनेचे गाल गुलाबी झाले होते. लहानपणी ताप उतरल्यावर व्हायचे तसे. मला वाटलं, माहेरच्या ओढीनं पोरीच्या तोंडावर तेज आलं. मी पडदा सोडला आणि गार वारा जाऊ नये म्हणून त्याची कड फळीखाली दाबून घट्ट बसवली. माझ्या या हातांनी.

बराच वेळ गेला. सुकाजीनं बांबू थांबवला आणि कान दिला.

"शेटजी, बुढी बोलून नाई राहिली."

"झोपली."

"निघाल्यापासून तोंड मिटलं नव्हतं. पडदा काढा."

"पोर थंडीनं आजारी पडंन. चालव तू."

"शेटजी, पडदा काढा."

"तुले एकदा सांगतलं न!"

त्यानं बांबू खाली ठेवला, कमरेचा विळा काढला आणि मला ओलांडून ताडपत्रीत घातला. वरून खालपर्यंत, हातभर नव्हे, पुरुषभर चीर. माझी ताडपत्री! मी छत्री मिटली आणि तिची लाकडी मूठ त्याच्या डाव्या कानावर घातली. एकदा नाही, दोनदा. रक्त आलं. त्यानं हातही वर केला नाही. तो दुसरी चीर घालत होता.

वारा आत शिरला, शेगडीतले निखारे फुलले. एवढा आवाज, एवढा गार वारा तोंडावर, आणि दोघींपैकी एकीनंही पापणी हलवली नाही. तेव्हा मला कोठी आठवली.

सुकाजीनं शेगडी लाथेनं नदीत ढकलली आणि नाव काठाला घातली. आक्काला त्यानं खांद्यावर घेतलं, यमुनेला मी उचललं. चिखलात गुडघाभर रुतत आम्ही दोघींना वर गवतावर निजवलं. मी उपरणं काढून यमुनेवर घालू लागलो तर सुकाजी ओरडला, "झाकू नका! कायले झाकून राहिले? हवा लागू द्या!" पावसाचे थेंब यमुनेच्या उघड्या तोंडावर पडत होते. मी तिचे हात चोळत होतो आणि कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल करत होतो. प्रत्येकाला आधीच्यापेक्षा जास्त.

आधी आक्का हलली. डोळे न उघडता म्हणाली, "गणपत, मले भिजवून कायले राहिला रे?" आणि ओकली. यमुनेला त्याहून फार वेळ लागला. ती शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिल्यांदा पोटावर हात ठेवला. मग माझ्याकडं पाहिलं.

पुन्हा नावेत बसलो. फाटलेली ताडपत्री बाजूला गुंडाळली होती. उघड्या पावसात आम्ही घाटावर आलो. तिथं मोटारीची वाट बघत दहापंधरा माणसं उभी होती, आणि त्यांत नेमका वामनराव. तोच, घडाचा. दोन बायकांना धरून उतरवताना पाहून तो धावत आला.

"काय झालं हो? सूनबाईले काय झालं?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पंगतीतलं ते हसू मला आधीच ऐकू येऊ लागलं. आणि मी म्हणालो, "या भोयानं टपाखाली शेगडी ठेवली. कोंडून मारलं असतं दोघीले."

सुकाजी तीन हात दूर उभा होता. कानावर फडकं धरलेलं, फडकं लाल झालेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं असावं की मी चुकून बोललो आणि आता दुरुस्त करीन. मी मोटारीत चढलो.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींना तपासलं. ते पुण्याकडचे, शांत गृहस्थ. म्हणाले, "कोळसा पेटला की त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. त्या झोपेतून माणूस उठत नाही."

"पण धूर नव्हता, डॉक्टरसाहेब. मी एक रेघ ठेवली नाही."

"धूर असता तर तुम्ही सगळे खोकत बाहेर आला असता," ते म्हणाले. "तुम्ही राखणदारच काढून टाकलात."

"दिवा नेऊन पाहिला असता तर?"

"दिवा जळत राहतो. माणूस विझतो."

पोटातल्या जिवाबद्दल ते काही सांगू शकले नाहीत. हालचाल होते का बघा, म्हणाले. ती रात्र आणि पुढचा अर्धा दिवस यमुना पोटावर हात ठेवून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम म्हणाली, "आत्या, पाय मारला." आक्का रडली. मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभा राहिलो.

पौषात मुलगी झाली. लहानखुरी, पण ओरडणारी. मी रोज तिच्या उशाशी पैंजण वाजवून बघायचो, ती मान वळवते का. वळवायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायचो. घरच्यांना वाटायचं, आजोबांना नातीचं वेड आहे.

फाल्गुनात जावयाचं पत्र आलं. खुशाली होती, आणि शेवटी एक ओळ: सुकाजी भोयाला गावानं घाटावरून काढलं, आता कुणी त्याच्या नावेत बसत नाही. यमुनेनं पत्र वाचून घडी केली.

"बाबा, शेगडी तं तुमीच आणली होती."

मी म्हणालो, "हो."

"त्यानं नाई म्हटलं होतं. मी आतून ऐकलं."

मी पाळण्याची दोरी ओढली.

"मी परत जाईन तवा मले विचारतीन. मी काय सांगू? तुमी सांगा, मी तसंच सांगतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो आणि माझं डोकं हलकं झालं असतं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला जास्त लाज वाटते. मी चालढकल केली. आधी म्हणालो, ऊन उतरू दे. मग म्हणालो, आंब्याचा हंगाम संपू दे. मग म्हणालो, मृगाचे दिवस आहेत, वाट खराब आहे. पोरीला माहेरी ठेवून घेतली ती मायेनं नव्हे. ती सासरच्या उंबऱ्यात गेली की माझं खोटं तिच्या पदरात पडणार होतं म्हणून. श्रावणात ती एक दिवस आपली ट्रंक भरून दारात बसली. तेव्हा निघालो.

पुन्हा तोच रस्ता. मूर्तिजापूरला भजीवाल्यानं पुन्हा थंड भजी दिली. मी खाल्ली. घाटापासून चार बैल जुंपून, चिखलातून, पूर्ण दिवस घालवून गावी पोचलो. वाटेत नदीच्या काठावर सुकाजीची नाव पालथी पडलेली दिसली. तिच्यावर वेल चढली होती.

ओट्यावर देवरावजी, वामनराव आणि गावातली चारपाच माणसं होती. नातीचं कौतुक झालं. यमुना तिला घेऊन आत गेली, पण दाराआडून तिची बांगडी वाजली. ती तिथंच थांबली होती. मी उभा राहिलो. बाजारात मी शेकडो माणसांसमोर ओरडलो आहे, पण तेवढी चार वाक्यं मी टोपी हातात घेऊन बोललो.

"शेगडी मी ठेवली होती. सुकाजी नाई म्हणत होता. त्यानं ताडपत्री फाडून दोघीले वाचवलं आणि मी त्याले मारलं. घाटावर मी खोटं बोललो."

मी वामनरावाकडं बघत होतो. आता तो बोलणार. आता घड, आता तराजू. त्यानं मान खाली घातली. बोलले ते देवरावजी.

"ईवाई, तुमच्या विहीणबाईनं त्या दिवशी मले घरात येऊन सांगतलं होतं, का विस्तव टपाखाली नेऊन राहिले, त्याईले सांगा. मी उठलोही होतो. मंग बसलो."

"काहून?"

"तुमी चिडसान म्हणून."

बस, एवढंच. ते टोमणा मारत नव्हते. स्वतःचीच चूक सांगत होते. त्या सकाळी त्या अंगणात दोन माणसांना माहीत होतं की माझ्या पोरीच्या जिवाला धोका आहे, आणि दोघंही माझ्या तोंडाला भिऊन गप्प बसले. लग्नातला एक शब्द मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो होतो; त्याची किंमत कुणी मोजली असती?

दुसऱ्या सकाळी सुकाजीला शोधत गेलो. तो गावाबाहेरच्या कपाशीत तण निंदायला होता. निंदण बायकांचं काम. दहाबारा बायांच्या रांगेत तो एकटा पुरुष, हातात तोच विळा. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि वाटेत शंभरदा घोकलेलं हळूच बोललो. त्यानं वर पाहिलंच नाही, निंदत राहिला. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तसं असतं तरी चाललं असतं.

शेजारची बाई म्हणाली, "ओ शेटजी, त्या कानानं त्याले ऐकू नाई येत. इकडून बोला. आन मोठ्यानं बोला."

ज्या कानावर छत्रीची मूठ बसली होती तो कान. मी रांग ओलांडून पलीकडं गेलो. तेच सगळं पुन्हा, मोठ्यानं बोललो. बायांचे विळे थांबले. सगळ्या कपाशीनं ऐकलं.

सुकाजी उठून उभा राहिला. हाताची माती झटकली.

"बुढी कशी हाय?"

"बोलून राहिली. दिवसभर."

"आन पोट्टी?"

"तिले मुलगी झाली."

तो हसला. "मंग झालं," म्हणाला. मग थोडं थांबून, "पण कान माहा होता, शेटजी." मी मान हलवली. त्याला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि तो मागतही नव्हता.

नाव उलटून पाहिली तर फळ्या सुकून फटी पडल्या होत्या. फटींत ताग ठोकून वर गरम डांबर ओतायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी त्याच्या हाताखाली होतो. वामनरावही आला आणि डांबराखाली लाकडं सारत बसला. सुकाजी आम्हा दोघांना सारखाच रागावत होता.

तिसऱ्या दिवशी मी परत निघालो तो त्याच्याच नावेनं. सगळं गाव काठावर आलं होतं, देवरावजी मुद्दाम आलेले. पाऊस लागला होता. माझी ताडपत्री सुकाजीनं जपून ठेवली होती. तिची चीर मी शिवून देतो म्हणालो, तर तो म्हणाला, "ते तसंच राहू द्या. तेवढंच एक चांगलं काम झालं तिच्यात." दोन्ही तोंडांचे पडदे त्यानं वर बांधून टाकले. विस्तव नव्हता, काही नव्हतं.

"आत बसा, शेटजी. भिजसान."

"नाई, मी बाहेरच बसतो."

"बसा म्हणतो. पण बोलत राहाजा. मी बहिरा झालो तरी तेवढं ऐकतो."

मी आत बसलो. काय बोलावं ते सुचेना. आयुष्यभर भावासाठी आणि भांडणासाठीच तोंड उघडलेलं. मग बडनेऱ्याच्या स्टेशनापासून सांगायला लागलो. पेरूची टोपली, पहिली कोठी, पंगतीतला तो शब्द, सगळं. मध्येच मी थांबलो की बांबू फळीवर वाजायचा. टक. आणि मी आतून म्हणायचो, "हाव, सुकाजी, हाव." घाट येईपर्यंत असंच चाललं.

अमरावतीला परत येऊन मी कोठ्यांची कामं पुन्हा सुरू केली. विडीचा नियम तसाच आहे. नवीन एवढंच, की माझ्या कामावरच्या माणसांना मी सांगून ठेवलं आहे: मी चिडलो तरी बोला. ते अजून बोलत नाहीत. मी येताना दिसलो की आपसातलं बोलणंही थांबतं. मग मी दारात उभा राहतो आणि चौकटीवर बोटानं टक करतो. आतून कुणी काही म्हणेल म्हणून थांबतो.